सेबुआनोमधली मोडतोड: 'गुबा' म्हणावं की 'दाओत'?

वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्समधल्या सेबू किंवा दावावला जाणाऱ्या मराठी मुलांना तिथल्या सेबुआनो भाषेतले हे दोन शब्द लवकरच भेटतात. शब्दकोशात दोन्हींपुढे 'डॅमेज' आणि 'डिस्ट्रॉय' दिसतं, आणि तिथेच घोळ होतो.

'गुबा' वस्तूंसाठी. पंखा बंद पडला, गाडी बिघडली, घर कोसळलं, सगळ्याला गुबा. इंग्रजीत त्याचे 'ब्रोकन', 'आउट ऑफ ऑर्डर', 'रेक्ड', 'डिमॉलिश्ड' असे तुकडे होतात. खरी गंमत उपसर्गांत आहे. 15 ऑक्टोबर 2013 ला बोहोल बेटावर 7.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि लोऑनचं जुनं दगडी चर्च ढासळलं. त्याबद्दल म्हणायचं 'नागुबा आंग सिंबाहान', म्हणजे चर्च पडलं. तेच कुणी मुद्दाम पाडलं असतं तर 'गिगुबा'. आपल्या पडणं-पाडणंसारखाच हा फरक, म्हणून आपल्याला तो चटकन कळतो. इंग्रजीला त्यासाठी बहुधा वेगळं क्रियापद किंवा वेगळी वाक्यरचना लागते.

'दाओत'चा रोख हानीवर. सिगारेटबद्दलचा इशारा 'माकादाओत सा पांगलावास', म्हणजे आरोग्याला घातक, इंग्रजीत 'हार्मफुल'. एखाद्याची बदनामी करणं हेही 'दाओत'मध्येच बसतं; तिथे 'गुबा' सहसा येत नाही. 'कादाओत' म्हणजे झालेलं नुकसान.

काच फुटली तर मात्र यातला एकही नको, 'बुआक' म्हणा.

माझं मत स्पष्ट आहे: आधी 'गुबा' पक्का करा, कारण घरमालकाला नळ बिघडल्याचं सांगायची वेळ आधी येते. वॉर्डात रुग्णांशी बोलायला लागलात की 'दाओत' लागेलच.