खारीच्या शिकारीसाठी .२२ रायफल : रुगर १०/२२ घ्यावी की सीझेड ४५७?

महाराष्ट्रातल्या बहुतेकांची .२२ (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलशी ओळख असते ती रेंजवरची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर, आणि तेही प्रत्येक गोळी हाताने भरायच्या बोल्टच्या रायफलीने. शिकार हा विषय भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी संपवला, आणि ते योग्यच झाले. अमेरिकेत मात्र करडी खार आणि रानससा यांची शिकार परवाना, हंगाम आणि रोजची मर्यादा या चौकटीत रीतसर चालते. पेनसिल्व्हेनियात राहणारा, शरद ऋतूत ओक आणि हिकरीच्या जंगलात खारींमागे जाणारा आणि मारलेली खार घरी आणून शिजवणारा माणूस म्हणून मी हा आढावा लिहीत आहे. दोन्ही रायफली माझ्याकडे आहेत आणि दोन्ही जंगलात पुरेशा वापरल्या आहेत.

सेमी-ऑटोमॅटिक (बार झाला की पुढची गोळी आपोआप भरणारी) घ्यावी की बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा दरवेळी हाताने ओढून गोळी भरायची), हा प्रश्न पेनसिल्व्हेनियात तसा नवाच आहे. २०१७ पर्यंत या राज्यात सेमी-ऑटोमॅटिक रायफलने शिकार करायला सरसकट बंदी होती; त्या वर्षी राज्याच्या गेम कमिशनने (शिकारीचे नियम ठरवणाऱ्या खात्याने) खार-सशासारख्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी .२२ किंवा त्याहून लहान बोअरच्या सेमी-ऑटो रायफलींना मुभा दिली. त्यामुळे इथल्या जुन्या शिकाऱ्यांच्या हाती बोल्ट, लीव्हर किंवा पंप रायफल दिसते, आणि तरुण मंडळी दुकानात शिरल्याबरोबर सेमी-ऑटोकडे वळतात. दुकानदारही बहुधा तीच पुढे करतो, कारण तिचा खप मोठा आहे.

ती सेमी-ऑटो म्हणजे जवळजवळ नेहमीच रुगर १०/२२. ही रायफल १९६४ मध्ये बाजारात आली आणि आजवर लाखोंनी विकली गेली. साध्या कार्बाइनची नळी साडेअठरा इंचांची, वजन सुमारे पाच पौंड, आणि मॅगझिन दहा गोळ्यांचे. हे मॅगझिन गोल फिरणाऱ्या चक्रीचे असल्यामुळे ते दस्त्याच्या खालच्या कडेशी सपाट बसते, बाहेर लोंबत नाही, आणि रायफल एका हातात मध्यावर धरून चालताना तळहाताला काहीही टोचत नाही. ज्याने दिवसभर चढ-उतारावर रायफल वाहिली आहे त्याला या एका गोष्टीचे मोल लगेच कळेल. सीझेड ४५७ ही झेक कारखान्यातली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, जुन्या ४५२ आणि ४५५ या मॉडेलांची वारस. तिच्या ‘अमेरिकन’ प्रकाराची नळी जवळपास पंचवीस इंच लांब, वजन सव्वासहा पौंडांच्या आसपास, आणि मॅगझिन पाच गोळ्यांचे, जे दस्त्याच्या खाली थोडे बाहेर येते. हाताळायला सुटसुटीत कोणती, असा प्रश्न असेल तर उत्तर निःसंशय १०/२२ असे आहे.

पण खारीच्या शिकारीत रायफलीपेक्षा काडतुसाचा विचार आधी करावा लागतो, आणि माझ्या मते या दोन रायफलींमधला खरा फरक तिथेच आहे. .२२ हे रिमफायर काडतूस आहे, म्हणजे त्याचा भडका उडवणारा मसाला मध्यभागी टोपीत नसून पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेला असतो. काडतूस गरगर फिरवून तो मसाला कडेभर पसरवतात; तो कुठे कमी पसरला आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच आपटली तर बार फुसका जातो. सेंटरफायर, म्हणजे मध्यभागी टोपी असलेल्या, काडतुसाच्या मानाने हे प्रमाण जास्त असते आणि ते दोन्ही रायफलींना सारखेच लागू आहे. फरक पडतो तो पुढच्या क्रियेत. १०/२२ ‘ब्लोबॅक’ पद्धतीने चालते: गोळी पुढे सुटताना पुंगळी मागे रेटली जाते, ती बोल्टला मागे ढकलते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते आणि येताना तो नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, ढकलतो. हे सगळे काम त्या एवढ्याशा काडतुसाच्या जोरावर होते. जोर थोडा कमी पडला, तेल थंडीत घट्ट झाले किंवा आतल्या काजळीने बोल्ट जड झाला, की पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही आणि दारात अडकून उभी राहते.

आता जंगलात आपल्याला कोणते काडतूस हवे असते ते पाहा. हवेत आवाजाचा वेग साधारण अकराशे ते सव्वाअकराशे फूट प्रति सेकंद असतो. सीसीआय मिनी-मॅगसारखे वेगवान काडतूस चाळीस ग्रेनची (सुमारे अडीच ग्रॅमची) गोळी सव्वाबाराशे फुटांच्या वेगाने सोडते. ती आवाजाच्या वेगापेक्षा जलद जात असल्यामुळे तिचा कडाडणारा आवाज टेकडीपलीकडे ऐकू जातो, आणि पन्नास यार्डांच्या आसपास तिचा वेग आवाजाच्या वेगाखाली येऊ लागताना तिची दिशाही थोडी ढळते. याउलट ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ म्हणून विकली जाणारी गोळी सुमारे १०७० फुटांच्या वेगाने निघते, आवाजाची रेषा ओलांडतच नाही, आणि बहुतेक रायफलींमधून तीच अधिक नेमकी लागते. पन्नास यार्डांवर खारीचे डोके गाठायचे म्हणजे जेमतेम दीड इंचाचे लक्ष्य असते. तिथे गोळीचा वेग फारसा कामाचा नसून ती दरवेळी त्याच जागी जाणे महत्त्वाचे असते. शिवाय वेगवान पोकळ टोकाची गोळी अंगात बसली तर मांसाची नासाडी होते, ते वेगळेच.

सीझेडच्या बोल्टला काडतुसाचा वेग किती आहे याच्याशी देणेघेणे नाही. सातशे फुटांच्या आसपास चालणारी अगदी मंद, टाळीएवढाच आवाज करणारी गोळीही ती निमूटपणे मारते, कारण पुंगळी बाहेर काढण्याचे काम आपला हात करतो. १०/२२ मध्ये स्टँडर्ड व्हेलॉसिटी बहुधा चालते, पण कडाक्याच्या थंडीत खात्री देता येत नाही, आणि त्याहून मंद काडतूस घातले तर प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो. म्हणजे सेमी-ऑटो घेऊन आपण तिचा बोल्ट अ‍ॅक्शनसारखाच वापर करणार, फक्त त्या कामासाठी न बनवलेल्या छोट्या दांडीने. सेमी-ऑटो म्हणजे काडतुसाची निवड अर्धी तिच्या हाती सोपवणे आहे, आणि मला तो सौदा पटत नाही.

नेमकेपणाची दुसरी बाजू चेंबरची. सेमी-ऑटोमध्ये काडतूस धडधडत, घाईने आत शिरते, म्हणून कारखान्यातून येणाऱ्या साध्या रायफलींचे चेंबर थोडे सैल ठेवतात. बोल्ट रायफलीत आपण काडतूस हळूच आत सारतो, त्यामुळे चेंबर घट्ट ठेवता येते आणि गोळी नळीच्या आट्यांमध्ये सरळ शिरते. १०/२२ साठी बाहेरच्या कंपन्यांच्या घट्ट चेंबरच्या नळ्या, हलके चाप, नवे दस्ते असा प्रचंड बाजार उपलब्ध आहे. नळी दोन स्क्रूंनी आणि चापाचा जुडगा दोन पिनांनी बसवलेला असल्यामुळे हे सगळे घरच्या टेबलावर बदलता येते. ही तिची खरी श्रीमंती आहे. पण ते सगळे घालून झाल्यावर हिशेब मांडला तर खर्च सीझेडच्या किमतीच्या पुढे जातो, आणि सीझेड खोक्यातून काढल्याबरोबर चांगल्या काडतुसाने पन्नास यार्डांवर एक इंचाच्या आत बसते. मूळच्या १०/२२ चा चाप जड आणि रेंगाळणारा आहे. ४५७ चा चाप हलका, काच तडकावी तसा एकदम सुटणारा, आणि वर स्क्रूने कमी-जास्त करता येणारा.

सेमी-ऑटोच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद म्हणजे झटपट दुसरी गोळी. तो कागदावर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात बुंध्याला पाठ टेकून बसलेला शिकारी आणि फांदीवर अक्रोड कुरतडत बसलेली खार यांच्यात काय घडते? मंद गोळीचा नेम चुकला तर खार बऱ्याचदा पळतच नाही; ती फांदीला चपटी होऊन चिकटते किंवा बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला सरकते आणि शेपटीचे टोक तेवढे वाऱ्यावर हलत राहते. अशा वेळी दुसरी गोळी अर्ध्या सेकंदात तयार असून उपयोग नसतो, कारण मारायला काही दिसतच नाही. थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात बोल्ट सावकाश वर-मागे-पुढे करायला हवा तेवढा वेळ मिळतो. ४५७ चा बोल्ट साठ अंशांतच उघडतो, जुन्या ४५५ सारखा नव्वद अंश वर उचलावा लागत नाही. त्यामुळे गाल दस्त्यावरून न हलवता, स्कोपला बोट न लागता तो फिरवता येतो. हाताची हालचाल खारीला दिसते, हे मान्य. पण दुसरी गोळी आयती तयार आहे म्हणून पहिली थोडी बेफिकिरीने सुटते, हे मी रेंजवर स्वतःच्या आणि इतरांच्या कागदांवर पाहिले आहे.

याहून गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे. खार झाडावर असते, म्हणजे नळी वरच्या दिशेने असते, आणि .२२ ची गोळी मैलाहून अधिक अंतर जाऊ शकते. मागे जाड बुंधा किंवा भक्कम फांदी असल्याशिवाय चाप ओढायचाच नाही, हा नियम दोन्ही रायफलींना आहे. पण एकापाठोपाठ बार काढण्याच्या भरात खार फांदीवरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर येते आणि बोट थांबत नाही, हा धोका सेमी-ऑटोत जास्त आहे. शिवाय बार झाल्याबरोबर सेमी-ऑटोचे चेंबर पुन्हा भरलेले असते. पडलेली खार उचलायला ओल्या पानांवरून, ओंडक्यांवरून जाताना सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावली आहे ना, याची आठवण ठेवावी लागते. आणि मॅगझिन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली असे समजणाऱ्या नवशिक्याच्या चेंबरमध्ये एक गोळी तशीच राहते. शेवटच्या गोळीनंतर १०/२२ चा बोल्ट उघडा राहत नाही, त्यामुळे रायफल रिकामी झाली हे डोळ्यांना कळत नाही. बोल्ट रायफलीत पुंगळी काढून बोल्ट उघडाच ठेवायचा आणि चालू लागायचे. सोबतच्या माणसालाही दहा पावलांवरून दिसते की बोल्ट उघडा आहे आणि रायफलीतून बार होऊ शकत नाही. मुलांना शिकवायचे असेल तर माझ्या लेखी हा एकच मुद्दा निकाल लावायला पुरेसा आहे. मात्र ४५७ ची सेफ्टी पुढे ढकलली की रायफल मारायला तयार होते, आणि जुन्या सीझेडमध्ये हे उलटे होते. घरात दोन्ही असतील तर विशेष सांभाळावे.

साफसफाईत १०/२२ च्या बंद पाठीमुळे गज नळीच्या तोंडाकडून घालावा लागतो, आणि ब्लोबॅकमुळे काजळी सगळ्या यंत्रात पसरते. सीझेडचा बोल्ट काढला की मागून सरळ प्रकाश दिसतो.

तरीही १०/२२ कोणी घ्यावी हे सांगितले पाहिजे, कारण ती वाईट रायफल अजिबात नाही. ज्याला वर्षातले दोन शनिवार शिकार आणि उरलेला वेळ शेतावर डबे उडवायचे आहेत, त्याला तिच्याइतकी मजा दुसरी कोणतीही रायफल देणार नाही. ज्याच्या उजव्या मनगटात किंवा बोटांत जोर नाही, त्याच्यासाठी ती सोयीची आहे. दाट झुडपात आखूड नळी कामाला येते. डावखुऱ्यांना सीझेडमध्ये डाव्या हाताचा प्रकार मिळतो, पण तो दुकानात क्वचितच ठेवलेला असतो. रानसशाबाबत मात्र सेमी-ऑटोचा आग्रह मला उमगत नाही: बीगल कुत्र्यांनी उठवलेल्या, पळत्या सशावर इथे शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) चालवतात, आणि दगडाळ जमिनीवरून उसळणारी .२२ ची गोळी कुत्र्यांच्या मागे सोडणे बरोबर नाही. गवतात बसलेल्या सशाला एकच गोळी लागते.

किमतींचे बोलायचे तर साधी १०/२२ तीनशे-चारशे डॉलरांत मिळते आणि ४५७ पाचशे-सहाशेच्या घरात जाते. तेवढे द्यायचे नसतील तर सॅव्हेज मार्क टू ही बोल्ट रायफल १०/२२ पेक्षाही स्वस्तात मिळू शकते. लाकडाचे काम आणि बोल्टची चाल ओबडधोबड आहे, पण तिचा अ‍ॅक्युट्रिगर हा जुळवता येणारा चाप उत्तम आणि नेम सीझेडच्या जवळपास.

व्हिसावर असलेल्यांनी दुकानात जाण्याआधी एक गोष्ट पाहावी. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक विकत घेता किंवा बाळगता येत नाही. मात्र अमेरिकेतल्या राज्याने दिलेला चालू शिकार परवाना हातात असेल तर त्याला अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. पेनसिल्व्हेनियात पहिला परवाना काढण्यापूर्वी प्रशिक्षणाचा वर्ग पूर्ण करावा लागतो, आणि लहान शिकारीला जाताना डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड अंगावर असावे लागते. नारिंगी टोपी आणि जाकीट याच खर्चात धरावे.

माझी शिफारस सीझेड ४५७ ची आहे, आणि उरलेल्या पैशांत स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या काडतुसांचे एकेक खोके घ्यावे. प्रत्येक नळीची आवड निराळी असते. पन्नास यार्डांवर कागद लावून ज्याची भोके सर्वांत जवळ पडतात त्याचीच पुढे खरेदी करावी आणि स्कोप त्याच अंतरावर जुळवावा. या जुळणीनुसार शंभर यार्डांवर गोळी सहा-सात इंच खाली जाते, म्हणून साठ-सत्तर यार्डांपलीकडची खार तशीच जाऊ द्यावी.