पहिली जुनी गाडी: पद्मिनी की अँबेसेडर?

धूळ खात पडलेली जुनी गाडी घेऊन घरीच दुरुस्त करून चालती करायची म्हणून भाचा या दोघींत अडकलाय. त्याला म्हटलं, आधी पत्रा बघ. दोघींनाही वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नाही, बॉडीच भार पेलते. मॅटिंग उचलून फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोच. आत घुसला तर पत्रा गंजलाय, आणि डेंटरचं (पत्राकाम करणाऱ्याचं) बिल इंजिनकामालाही मागे टाकेल.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, गाडी हलकी, एकट्याला आवरते. अँबेसेडर अवजड, पण बॉनेटखाली हात मोकळा फिरतो. शिवाय ती २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे कमी वयाची मिळू शकते.

आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) नसेल तर दोन्ही सोड.

सोसायटीतलं अरुंद पार्किंग असेल तर पद्मिनी. मोकळं अंगण आणि घरभर माणसं असतील तर अँबेसेडरच.