आमची ‘गिरणी’: ब्रेस्ट पंप आठ महिने वापरल्यानंतर

पंप मार्चमध्ये घेतला, बाळ चार दिवसांचं असताना. डबल इलेक्ट्रिक, चार्जिंगवर चालणारा, साडेसहा हजारांचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणाची जाहिरात नको आणि बदनामीही नको.

आधी परिस्थिती सांगते, कारण हा पंप पैसे वसूल करतो की नाही ते त्यावरच ठरतं. एकतिसाव्या आठवड्यात माझं बीपी १७०/११० वर गेलं. त्याआधी दोन दिवस डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि मी पित्त झालं समजून आवळासुपारी चघळत बसले होते. (कुणी गरोदर बाई हे वाचत असेल तर पुढचं नंतर वाचा, असं काही होत असेल तर आधी बीपी मोजून घ्या.) बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं बारा-बारा तासांनी चार द्यायची होती. दोनच झाली. प्लेटलेट्स घसरायला लागल्या आणि डॉक्टर म्हणाल्या, आता थांबता येणार नाही. सिझर झालं. मुलगा, १३४० ग्रॅम. मला दिसलं ते हिरव्या कापडातलं एक गाठोडं, घाईने माझ्या उजवीकडून गेलं. मग तो वरच्या मजल्यावर सीपॅपवर, म्हणजे श्वासाला आधार देणाऱ्या मशीनवर, आणि मी खाली, झटके येऊ नयेत म्हणून लावलेल्या मॅग्नेशियमच्या ड्रिपवर, अंगाची भट्टी झालेली.

पंपाच्या रिव्ह्यूमध्ये पहिला मान द्यायचा तर तो पंपाला नाही, एका मल्याळी सिस्टरला. पहिल्या रात्री ती एक मिलीची सिरिंज घेऊन आली. मी नवऱ्याला ऑनलाइन पंप बघायला सांगत होते, तर म्हणाली, “दीदी, मशीन बाद में. पहले हाथ से.” अंगठा आणि बोटं काळसर भागाच्या जरा मागे, आधी छातीकडे दाबायचं, मग पुढे आणायचं, कातडी ओढायची नाही. वीस मिनिटांनी पिवळ्या दाट चिकाचे थेंब आले. ते तिने सिरिंजमध्ये ओढून दिव्यासमोर धरले आणि आपल्या इंदूरच्या सराफ्यात दिवसा ज्या नजरेने सोनं तोलतात त्या नजरेने रेघ वाचली: ०.४ मिली. मला रडूच आलं. ती म्हणाली, बहुत है. कापसाच्या बोळ्याने तेवढं बाळाच्या गालात आतून लावलं. चीक इतका घट्ट असतो आणि इतका कमी, की पंपात तो नळीला आणि बाटलीलाच चिकटून राहतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस हातानेच. हे पंपाच्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही.

डॉक्टरांनी दूध का हवं तेही नीट सांगितलं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या आतड्यांना एनईसी नावाचा वाईट आजार होऊ शकतो, आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो. मी मिल्क बँकेबद्दल विचारलं, कारण मावशी सायन हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि तिथे १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली हे तिच्याकडून लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्या हॉस्पिटलात तशी सोय नव्हती. म्हणजे जे काय ते मलाच काढायचं.

चौथ्या दिवशी पंप आला. दर तीन तासांनी, रात्री दोन वाजताही. रात्रीचं सोडायचं नाही, दूध तयार करणारं हार्मोन रात्री जास्त असतं. पहिली दोन मिनिटं मसाज मोड, मग काढायचा मोड. मला वाटलं ओढ जितकी जास्त तितकं दूध जास्त. नऊपैकी नवव्या लेव्हलवर नेलं आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत दुधाला गुलाबी झाक. चूक माझी एक, खोक्याची एक. खोक्यात छातीला लावायचा २४ मिमीचा फनेल येतो, मला लागत होता २१ चा. नवऱ्याच्या शाळेच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजलं तेव्हा कळलं. २१ चा फनेल वेगळा मागवला, चौथ्या लेव्हलवर आले, आणि त्याच वेळात दुपटीहून जास्त दूध यायला लागलं. घेणाऱ्यांनी आधी मोजा, मग ऑर्डर करा.

पाचवीला आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घरी पाटा-वरवंटा मांडून पूजा केली. बाळ नाही, बाळंतीण नाही, फक्त पाट. फोनवर म्हणाल्या, “सटवाईला हॉस्पिटलचा पत्ता सांगितलाय गं, वॉर्डसुद्धा सांगितलाय.” सहाव्या दिवशी मला डिस्चार्ज मिळाला, बाळाला नाही. रामबागेतल्या घरी आले तेव्हा खोलीत शेगडी, बाळंतशेपा, अळिवाची खीर सगळं तयार, आणि त्या सगळ्यात मी मांडीवर पंप घेऊन बसलेली. आवाज ऐकून सासरे पहिल्या दिवशी बाहेरून म्हणाले, “गिरणी सुरू झाली का?” तेच नाव पडलं. अजूनही घरात “गिरणीला बसलीस का?” असंच विचारतात. आवाजाचा मुद्दा यातच आला: दार लावलं तरी ऐकू जातो.

दूध बाटलीत, बाटलीवर नाव, तारीख, वेळ, बाटल्या बर्फाच्या डब्यात. मी दिवसातून दोनदा जायचे, मधल्या खेपा नवऱ्याच्या. रंगपंचमीला बाळ दहा दिवसांचं होतं. इंदूरकरांना सांगायला नको, गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असली की राजवाड्याच्या आसपास गाडी काय, माणूसही कोरडा बाहेर पडत नाही. हे डबा पोटाशी धरून गल्ल्यांतून निघाले आणि एका टँकरच्या पिचकारीखाली सापडलेच. हॉस्पिटलात पोचले तेव्हा हे नखशिखांत गुलाबी-हिरवे, डबा मात्र कोरडा. सिस्टरने डबा दारातून घेतला आणि यांना आत सोडलं नाही. त्या दिवशी बाळाला नळीतून दर दोन तासांनी ६ मिली चाललं होतं. त्या ६ मिलीसाठी.

चौदाव्या दिवसापर्यंत दिवसाला ५०० मिली व्हावं असं मला सांगितलं होतं. माझं ३४० झालं. खरी वाढ झाली ती कांगारू केअर सुरू झाल्यावर. तो छातीवर, उघड्या कातडीला कातडी, डोक्यावर आजीने विणलेलं टोपडं, ते हनुवटीपर्यंत उतरायचं. तासाभराने त्याला पेटीत परत ठेवायचं आणि तिथल्याच खुर्चीत लगेच पंप लावायचा. घरच्या ७० च्या जागी ११० मिली यायचं. पंप तोच, लेव्हल तीच. अठ्ठाविसाव्या दिवशी डोळ्यांची आरओपी तपासणी (वेळेआधीच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची असते ती) नीट निघाली, चौतिसाव्या दिवशी १८५० ग्रॅमचा होऊन तो घरी आला.

आता तक्रार. तिसऱ्या महिन्यात दूध अचानक निम्म्यावर आलं. मी घाबरले, आईंनी शतावरी वाढवली, शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. चार दिवसांनी पंप उघडून धुताना दिसलं की सिलिकॉनच्या छोट्या पांढऱ्या व्हॉल्व्हला, बदकाच्या चोचीसारखा असतो तो, केसाएवढी चीर पडलीय. ओढच लागत नव्हती. चाळीस रुपयांचा वाटावा असा तुकडा! कंपनीला फोन केला, तर तो यायला अकरा दिवस लागले आणि फोनवर मला तीनदा विचारलं, “मॅडम, आप रोज़ यूज़ करते हो क्या?” ते अकरा दिवस पुन्हा सिस्टरच्याच पद्धतीने, हाताने. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, बाळाच्या आईचा पंप दिवसातून आठ वेळा चालतो, त्यात हा व्हॉल्व्ह तीन महिने टिकला तरी खूप. दोन जोड्या पहिल्याच दिवशी जास्तीच्या घेऊन ठेवा.

बॅटरी सुरुवातीला चार वेळा पुरायची, आता दीड वेळा. नळीत वाफ धरते, ती तशीच ठेवली तर बुरशी येते. दूध काढून झाल्यावर नुसती मोटर दोन मिनिटं चालवली की सुकते. फनेल, व्हॉल्व्ह, बाटल्या उकळायच्या, नळी आणि मोटर कधीच नाही.

पाचपैकी साडेतीन देते. बाळ कुशीत असेल आणि पीत असेल, तर उगाच साडेसहा हजार घालू नका. बाळ काचेपलीकडे असेल तर घ्या, पण आधी हाताने शिका.

परवा ग्वाल्हेरच्या मामेवहिनीचा फोन आला. बत्तिसावा आठवडा, बीपी वाढलेलं, त्यांना ॲडमिट करून घेतलंय. दादा म्हणाला, “तुझा पंप पाठवून दे, तुला आता कुठे एवढा लागतो.” नाही दिला. असले घरगुती पंप एकीचे दुसरीने वापरायचे नसतात, मोटरपर्यंत ओल गेलेली असते, ती उकळून निघत नाही. बर्फाचा डबा दिला. त्याच्या कडीला अजून गुलाबी रंग आहे, खूप घासला, जात नाही.