रास्पबेरी पाय ४ वर घरचा वेब सर्व्हर, दीड वर्ष वापरल्यानंतर

आधीच सांगतो, मी कंप्युटरवाला नाही. सांगलीत अकाउंट्सचं काम करतो, एक्सेल आणि टॅली सोडून बाकी काही येत नव्हतं. बाबा प्राथमिक शिक्षक होते, गावाकडं शिराळ्याच्या बाजूला, आणि १९८७ पासून रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहायची त्यांची सवय, रिटायर झाले तरी चालूच. त्या वह्यांचं एक्सेल मी केलं होतं, तर म्हणलं याची वेबसाईट करू आणि ती दुसऱ्याच्या कंप्युटरवर कशाला, आपल्याच घरात ठेवू. एवढ्या खाजेपोटी पाय, म्हणजे रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटासा कंप्युटर, घेतला.

४ जीबी रॅमवालं मॉडेल घेतलं. किंमत सांगत नाही कारण ती सारखी वरखाली होते, पण नुसत्या बोर्डाची किंमत बघून उड्या मारू नका, चार्जर, मेमरी कार्ड, केस, हीटसिंक (गरम होऊ नये म्हणून लावायचा धातूचा तुकडा) धरून आकडा बराच पुढं जातो. चार्जरचं तर खास सांगतो. मी पहिल्यांदा घरातला मोबाईलचाच चार्जर लावला, सी टाईप तर आहे की, आणि मग मध्येच बंद पडायचं, कधी नेट जायचं, कधी चालू व्हायचं. याला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा त्याचा स्वतःचा अडाप्टर लागतो, तो घेतल्यावर रडणं थांबलं. वीज मात्र काही खात नाही, साईटचं काम तसं किरकोळ त्यामुळं चार वॅटच्या आसपास, म्हणजे महिना तीनेक युनिट.

कार्डावर रास्पबेरी पाय ओएसची लाईट आवृत्ती टाकायची, ही डेबियन लिनक्सच आहे (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम), माऊस बिऊस काही नाही, नुसती काळी खिडकी. इमेजर नावाचं त्यांचंच सॉफ्टवेअर आहे त्यात युजरनेम, पासवर्ड, वायफाय आधीच भरता येतं, मग मॉनिटर न लावता लॅपटॉपवरून एसएसएच करून (म्हणजे नेटवर्कवरून लांबूनच लॉगिन करून) आत शिरायचं. हा भाग खरंच सोपा केलाय, पूर्ण मार्क.

मग एनजिनएक्स टाकलं, म्हणजे ब्राउजरनं मागितलेली पानं देणारं वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर. ब्राउजरमध्ये १९२.१६८ वाला घरातला पत्ता टाकला आणि ते पांढरं वेलकमचं पान आलं तेव्हा बायकोला झोपेतनं उठवून दाखवलं, ती म्हणाली यात काय आहे, आणि बरोबरच आहे, त्यात काही नसतंच. खरी मजा पुढं. बाबांच्या पावसाची पानं माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवली आणि ४०३ फॉरबिडन, म्हणजे आत यायला मनाई. नेटवर शोधलं तर जो तो म्हणतो सीएचमॉड ७७७ मारा (फाईली सगळ्यांना उघड्या करायची कमांड), मारला, तरी ४०३. दोन दिवस गेले यात. शेवटी कळलं की एनजिनएक्स हा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या वेगळ्याच युजरच्या नावानं चालतो आणि माझं होम फोल्डर मी सोडून सगळ्यांना बंद, म्हणजे आतल्या खोलीचं दार सताड उघडं टाकलंय पण वाड्याच्या दिंडीदरवाजालाच कुलूप. पानं व्हार मधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमध्ये हलवली, ७७७ काढून टाकलं, झालं. परमिशन म्हणजे काय हे त्या दोन दिवसात जे डोक्यात बसलं ते आता निघत नाही.

घराबाहेरून साईट दिसायला मात्र घाम निघाला. राउटरमध्ये ८० आणि ४४३ पोर्ट फॉरवर्ड केले (वेबसाईटच्या या दोन दारांवर बाहेरनं येणारं सगळं राउटरनं पायकडं पाठवायचं), डोमेनचा ए रेकॉर्ड टाकला (साईटचं नाव कुठल्या आयपी पत्त्यावर न्यायचं ती नोंद), सगळं बरोबर आणि मोबाईल डेटावरून काहीच उघडत नाही. नेटवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन केला (नाव घेत नाही) तर ब्राउजरची हिस्टरी क्लिअर करा सर म्हणे. ब्राउजरची काय चूक राव. तिसऱ्या दिवशी राउटरच्या पानावर बघितलं तर बाहेरचा आयपी १०० पॉइंट ७२ ने चालू होणारा, आणि "माझा आयपी काय" असं विचारणाऱ्या साईटवर भलताच. ही भानगड म्हणजे सीजीनॅट, एकच पब्लिक पत्ता कंपनी कितीतरी घरांना मिळून वापरते, आयपीव्ही४ चे पत्ते संपत आलेत म्हणून. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं पोर्ट फॉरवर्ड करून काही उपयोग नाही, बाहेरनं आलेला पाहुणा सोसायटीच्या गेटवरच अडकणार. मी महिन्याला वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला. पैसे द्यायचे नसतील तर क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेल (पाय स्वतःच त्यांच्याशी जोडून राहतो आणि पाहुणे त्यांच्यामार्फत येतात) हा फुकट मार्ग आहे, पण मग मधे तिसरा माणूस आला. म्हणून पाय ऑर्डर करायच्या आधी हे तपासा, नंतर नाही.

पोर्ट उघडल्यावर अर्ध्या तासात लॉग (कोण आलं गेलं त्याची नोंद) बघितला आणि पोटात गोळा आला. माझी साईट बाबांना सोडून कुणाला माहीत नाही आणि कोण कुठले बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधतायत जे माझ्याकडं नाहीच, आणि मी मूर्खासारखा २२ नंबरचा, एसएसएचचा पोर्टपण उघडा ठेवला होता तिथं रूट, अडमिन, टेस्ट अशा नावांनी धडाधड पासवर्ड मारणं चालू. घाबरून पासवर्डनं लॉगिन बंद केलं, फक्त की (पासवर्डऐवजी चावीसारखी चालणारी फाईल) चालेल असं केलं, एसएसएच रिस्टार्ट केलं, खिडकी बंद केली. आणि मग लक्षात आलं की ती चावीची फाईल पायवर नीट कॉपीच झाली नव्हती. मीच बाहेर!

इथं पाय समोर टेबलावर होता म्हणून वाचलो, मॉनिटर लावला की आत. पण याला मायक्रो एचडीएमआय लागतं, नेहमीचं नाही. बाजारातनं केबल आणली ती मिनी निघाली, परत गेलो, दुकानदार हसला. तेव्हा ती मायक्रोवाली केबल पहिल्याच दिवशी आणून ड्रॉवरमध्ये टाका. आणि नवी सेटिंग तपासून होईपर्यंत जुनी खिडकी बंद करायची नाही, दुसरी उघडून आधी आत जाता येतंय का बघायचं. २२ आता बाहेरून बंदच आहे.

एचटीटीपीएसचं (कनेक्शन सुरक्षित करणारं) सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्टचं, फुकट, सर्टबॉट हा त्यासाठीचा प्रोग्राम टाकला की पाच मिनिटात कुलूप आलं. ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप रिन्यू होतं. माझं झालं नाही, कारण एचटीटीपीएस चालू झालंय तर ८० नंबरचा पोर्ट कशाला उघडा म्हणून मी शहाणपणा करून बंद केला होता, आणि रिन्यू करताना तपासणी नेमकी ८० वरूनच होते. तीन महिन्यांनी बाबांचा फोन, "अरे तुझ्या साईटला धोका आहे म्हणतंय, पाऊस बघू का नको?"

सगळ्यात वाईट फटका कार्डाचा. वापराच्या आठव्या महिन्यात, वळवाचा पाऊस, चार वेळा लाईट गेली आली, पाचव्यांदा पाय उठलाच नाही, मेमरी कार्ड खलास. पावसाचे आकडे एक्सेलमध्ये सुरक्षित होते पण एनजिनएक्सच्या फाईली, फायरवॉल, काही म्हणजे काही बॅकअप नाही. चरफडत रविवारी बसलो आणि दीड तासात सगळं उभं राहिलं. पहिल्यांदा याच कामाला तीन आठवडे लागले होते. आता यूएसबीवर एसएसडी लावून त्यावरनंच बूट करतो आणि रोज रात्री दोन वाजता आरसिंकनं (फाईली कॉपी करणारा प्रोग्राम) सगळं जुन्या लॅपटॉपवर जातं.

आणि हो, जुना लॅपटॉप. खरं बोलायचं तर घरात चालू अवस्थेतला एखादा पडून असेल तर पाय घेऊच नका. त्यावर डेबियन टाका, स्क्रीन आहे, कीबोर्ड आहे, डिस्क आहे आणि बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. मला हे घेतल्यावर सुचलं. वीज थोडी जास्त जाईल एवढंच. आणि ज्या साईटवर धंदा आहे, ऑर्डरी येतात, ती घरी ठेवू नका, त्याला महिन्याचं भाडं भरून व्हीपीएस (कंपनीच्या जागेतला भाड्याचा सर्व्हर) घ्या, पण आधी घरी दोनदा मोडून मग तिकडं जा, तिकडं मॉनिटर लावायला मिळत नाही.

पाच पैकी चार. एक कापला तो पॉवरचं बटण नाही म्हणून आणि त्या केबलसाठी मारलेल्या दोन फेऱ्यांचा.

साईट चालू आहे, ऑगस्ट २०१९ चं पान सगळ्यात जास्त उघडतं, सांगलीकरांना का ते सांगायला नको. आणि साईट उघडली नाही की बाबा गावाकडनं फोन करतात, लाईट गेली का रे तुमच्याकडं. बहुतेक वेळा गेलेलीच असते.