पदव्युत्तर नर्सिंगचा विभाग निवडताना: पीएच.डी.चे प्राध्यापक, डीएनपीचे प्राध्यापक आणि बाकीचे

पदव्युत्तर नर्सिंगला प्रवेश घेताना रुग्णालयात खाटा किती, वसतिगृह आहे का, निकाल कसा लागतो, ही चौकशी सगळेच करतात. प्राध्यापकांच्या यादीवरून मात्र नजर नुसती फिरते. त्यात चार-पाच नावांमागे डॉक्टरेट दिसली की पुढे कुणी वाचत नाही. खरं तर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो याच यादीला. पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही एका मार्गदर्शकाच्या हाताखाली एकच मोठं काम करणार असता आणि त्या मार्गदर्शकांची घडण कुठे झाली, यावर त्या कामाचा कस ठरतो.

दोन डॉक्टरेट, दोन वेगळ्या घडणी

नर्सिंगमधली पीएच.डी. जुनी आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाने परिचारिकांसाठी ती १९३४ मध्येच सुरू केली होती. डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजे डीएनपी, त्या मानाने कालची. पहिला अभ्यासक्रम केंटकी विद्यापीठात २००१ मध्ये सुरू झाला आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने प्रगत रुग्णसेवेसाठी हीच पदवी असावी अशी भूमिका घेतली. तिथे आणि तिथून शिकून आलेल्या प्राध्यापकांत या दोन्ही पदव्या दिसतात. जिथे डीएनपी नाही तिथेही हाच फरक असतो: एक संशोधनात मुरलेले, दुसरे वॉर्डात मुरलेले.

पीएच.डी.चं शिक्षण नवा प्रश्न मांडणं, संशोधनाचा आराखडा, मोजमापाची साधनं आणि संख्याशास्त्र यांभोवती फिरतं. डीएनपीचं शिक्षण आधीच सिद्ध झालेलं ज्ञान खाटेपर्यंत कसं पोचवायचं, व्यवस्था कशी बदलायची, याभोवती. २००६ च्या निकषांप्रमाणे डीएनपीला पदवीनंतरचं किमान १,००० तासांचं प्रात्यक्षिक लागत असे. यात वरचढ कोणी नाही, पण एकाचं काम दुसऱ्यावर सोपवलं की विद्यार्थ्याचे हाल होतात.

प्रबंध करायचा असेल तर

समजा, शस्त्रक्रियेआधी दिलेल्या समुपदेशनाने चिंता कमी होते का, हे दोन गटांत तपासायचं आहे. मध्यम परिणाम (दोन गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या ०.५ पट) गृहीत धरला, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्क्यांची सार्थकता पातळी (नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता) ठेवली, तर प्रत्येक गटात ६४ रुग्ण लागतात. दहा टक्के रुग्ण मध्येच गळतील असं धरलं तर ७२. संशोधनात मुरलेले मार्गदर्शक हा हिशेब सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहितानाच करून घेतात आणि मग विचारतात, "महिन्याला असे रुग्ण येतात किती?" महिन्याला दहाच येत असतील, तर १४४ रुग्ण गोळा करायला सव्वा वर्षाच्या आसपास जाणार. विषय तिथेच बदलता येतो.

हा हिशेब न येणारे मार्गदर्शक "प्रत्येक गटात तीस पुरे" असं सांगून मोकळे होतात. तीस-तीस घेतले तर तोच मध्यम परिणाम सापडण्याची शक्यता साधारण ४८ टक्के उरते. समुपदेशन खरंच उपयोगी असलं तरी निम्म्याहून अधिक वेळा निष्कर्ष येणार "फरक आढळला नाही", आणि त्यात विद्यार्थ्याचा काहीही दोष नसणार. हे पाहून आम्हाला वाईट वाटतं, कारण चूक पहिल्या महिन्यात होते आणि कळते शेवटच्या महिन्यात.

प्रश्नावलीचंही तसंच. परभाषेतली प्रश्नावली वापरायची तर भाषांतर, दुसऱ्या व्यक्तीकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांकडून आशयाची तपासणी आणि छोट्या गटावर चाचणी, हे टप्पे चुकवून चालत नाही. मूळ लेखकाची परवानगीही लागते. ज्यांनी हे स्वतः केलं आहे ते त्यासाठी लागणारे महिने वेळापत्रकात आधीच धरतात.

गुणवत्ता सुधारणेचा प्रकल्प असेल तर

इथे पारडं फिरतं. कॅथेटरमुळे (लघवीसाठी घातलेल्या नळीमुळे) होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग कमी करायचा प्रकल्प घ्या. नवखा विद्यार्थी आधीच्या तीन महिन्यांतले रुग्ण मोजतो, नंतरच्या तीन महिन्यांतले मोजतो आणि घट झाली म्हणून अहवाल लिहितो. वॉर्डात मुरलेले मार्गदर्शक दोन गोष्टींवर बोट ठेवतात. पहिली, भाजक कुठे आहे? कॅथेटर घातलेल्या रुग्णांचे एकूण दिवस १,५०० आणि संसर्ग ६, म्हणजे दर हजार कॅथेटर-दिवसांमागे ४. पुढच्या काळात संसर्ग ३ झाले, पण कॅथेटर-दिवसही ७५० वर आले, तर दर ४ चा ४ च राहिला. कॅथेटरचा वापर निम्म्यावर आला हे यश आहेच, पण उरलेल्या रुग्णांची निगा सुधारली असं त्यातून म्हणता येत नाही.

दुसरी, फक्त आधी आणि नंतर असे दोन आकडे पुरत नाहीत. आठवड्यागणिक आलेख काढायचा, सुरुवातीचे किमान दहा बिंदू घेऊन मध्यांक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ठरवायचा आणि त्याच्या एकाच बाजूला सलग सहा किंवा जास्त बिंदू आले तरच बदल झाला म्हणायचं. शिवाय कॅथेटर लवकर काढल्यामुळे किती रुग्णांना लघवी तुंबून पुन्हा घालावा लागला, हेही मोजायचं. ड्युटी बदलताना नोंद का सुटते, रात्रपाळीत कागद कुणाकडे राहतो, हे ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय त्यांनाच हे प्रश्न सुचतात. निव्वळ संशोधनातून आलेले मार्गदर्शक अशा प्रकल्पाला अनेकदा नियंत्रित प्रयोगाच्या साच्यात बसवू पाहतात. मग प्रकल्पाला वेगही राहत नाही आणि प्रयोगाची शिस्तही जमत नाही.

वॉर्ड सोडून किती वर्षं झाली?

पदवी कोणतीही असो, हा प्रश्न विचारायला संकोचू नका. ताजेपणा तपासायला सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागणं, हा चांगला विषय आहे. २०१६ मध्ये व्याख्या बदलली: संसर्गामुळे सोफा गुणांकात (अवयवांचं काम किती बिघडलंय याच्या मोजमापात) २ किंवा जास्त वाढ, म्हणजे सेप्सिस. "सिव्हिअर सेप्सिस" हा मधला वर्ग गेला. सेप्टिक शॉक या सर्वांत गंभीर अवस्थेसाठी पुरेसे द्रव देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर ठेवायला औषध लागणं आणि रक्तातलं लॅक्टेट लिटरला २ मिलिमोलच्या वर असणं, हे दोन्ही निकष आले. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी चाळणीसाठी एकट्या क्विक-सोफावर (सोफाच्या झटपट रूपावर) विसंबू नका असंही सांगितलं. क्रिटिकल केअर शिकवणाऱ्यांच्या टिपणांत आजही सर्सचे (ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी यांवरच्या जुन्या मोजमापाचे) दोन निकष हीच सेप्सिसची व्याख्या म्हणून असतील, तर ती टिपणं बरीच वर्षं उघडलेली नाहीत हे उघड आहे. चाळणीचं एक साधन म्हणून सर्स शिकवत असतील तर त्यात काही गैर नाही.

आठवड्यातून एक दिवस का होईना, रुग्णांत जाणारे प्राध्यापक हा विभागाचा खरा ठेवा. काही ठिकाणी प्राध्यापकांच्या कामाच्या तासांतच हा वेळ धरलेला असतो. तसं नसेल तर ते सुटीच्या दिवशी पदरचा वेळ घालून जातात आणि हे फार काळ टिकत नाही.

शिक्षणशास्त्राचे आणि बाहेरचे प्राध्यापक

नर्सिंग शिक्षणात डॉक्टरेट किंवा विशेष प्रमाणपत्र असलेले प्राध्यापक सिम्युलेशनमध्ये, म्हणजे रुग्णाचा कृत्रिम प्रसंग उभा करून घेतलेल्या सरावात, ओळखू येतात. प्रसंग संपल्यावरची चर्चा प्रसंगाहून जास्त वेळ चालते आणि बोलतो बहुतेक विद्यार्थीच, असं दिसलं तर ते जाणकार समजा. मात्र सिम्युलेशनने निम्मं प्रात्यक्षिक भागतं, असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. ज्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा (२०१४) दाखला दिला जातो तो परिचारिकेचा परवाना अजून न मिळालेल्या विद्यार्थ्यांवर झाला होता. प्रगत सेवेच्या विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णांचे तास लागतातच. नर्स प्रॅक्टिशनरसाठी (रुग्ण तपासून उपचार ठरवणाऱ्या प्रगत परिचारिकेसाठी) २०२२ च्या अमेरिकी निकषांनी ते किमान ७५० केले.

औषधशास्त्र, संख्याशास्त्र, रोगपरिस्थितिविज्ञान यांसाठी बाहेरचे तज्ज्ञ असणं ही जमेची बाजू. फक्त ते दोन व्याख्यानांपुरते येतात की विश्लेषणाच्या वेळी भेटतात, हे विचारा.

यादी कशी वाचायची

आधी प्राध्यापकांचे शेवटच्या पाच वर्षांतले लेख काढा. एकाच विषयाभोवती तीन-चार लेख असतील तर तिथे खरी तज्ज्ञता आहे. मधुमेह, ताणतणाव, स्तनपान, मोबाइलचं व्यसन असा दरवेळी नवा विषय असेल, तर ते बहुधा विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून आलेले लेख असतात. लेखकांच्या क्रमात पहिलं किंवा शेवटचं नाव आहे का, की नेहमीच मधलं, हेही बघा. "मेडिकल-सर्जिकल" एवढ्याच शब्दावर थांबू नका. त्यात हृदयरोग, मेंदूविकार, कर्करोग सगळंच येतं आणि कर्करोगात वीस वर्षं काढलेल्या व्यक्तीला व्हेंटिलेटरवरच्या प्रबंधाचं मार्गदर्शन जड जातं.

त्यानंतर सध्या शिकणाऱ्यांना गाठा. मार्गदर्शकांकडे आत्ता किती विद्यार्थी आहेत? मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत येतो? दोन आठवडे ठीक, दोन महिने म्हणजे मुदतवाढ ठरलेली. एथिक्स कमिटीकडून पहिल्यांदा किती प्रस्ताव परत आले आणि कशावरून? संमतीपत्रावरून परत येणं किरकोळ, नमुना संख्येवरून परत येणं मार्गदर्शनातली उणीव दाखवतं.

कोणी काय निवडावं

पुढे संशोधनात जायचं असेल तर ज्यांच्या हातात चालू संशोधन आहे असे पीएच.डी. मार्गदर्शक, आणि विभाग लहान असला तरी चालेल. खाटेजवळच राहून विशेषज्ञ व्हायचं असेल तर डॉक्टरेटची संख्या दुय्यम धरा. तुमच्याच शाखेत आज काम करणारे प्राध्यापक आणि एका प्रिसेप्टरमागे (वॉर्डात प्रत्यक्ष शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीमागे) एक किंवा दोनच विद्यार्थी, हे आधी बघा. शिकवायचं असेल तर शिक्षणशास्त्राची बाजू भक्कम हवी, पण वॉर्डशी नातं तुटलेला विभाग नको.

मन दोन्हीकडे ओढत असेल तर मुख्य मार्गदर्शक एका घडणीचे आणि सहमार्गदर्शक दुसऱ्या घडणीचे, अशी जोडी मिळते का ते विचारा. मिळत असेल तर आराखडा आणि विश्लेषणात अंतिम शब्द कुणाचा, वॉर्डातल्या अंमलबजावणीत कुणाचा, हे सिनॉप्सिसच्या आधी ठरवून घ्या. नाहीतर एकाने सुचवलेली दुरुस्ती दुसरा खोडतो आणि मसुदा फिरत राहतो. आणि शुल्क भरण्याआधी एवढं लेखी मागा: ठरलेले मार्गदर्शक दीर्घ रजेवर गेले किंवा नोकरी सोडून गेले, तर त्याच शाखेतले दुसरे कोण आहेत.