वडगावातील यंत्रमागाच्या इमारतीला कार्बन फायबरचे वेष्टन : एका दुरुस्ती सेवेचे परीक्षण

बेळगावच्या वडगाव, शहापूर आणि खासबाग भागात तळमजल्यावर यंत्रमाग आणि वर राहते घर अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. आमची इमारत १९८० च्या दशकातील आहे. गेली काही वर्षे खांबांचा गिलावा फुगून पडत होता, तुळयांच्या तळाशी सळईच्या रेषेतच लांब भेगा दिसू लागल्या होत्या आणि एका कोपऱ्यात तर गंजलेली सळई उघडी पडली होती. बेळगावात काम करणाऱ्या एका दुरुस्ती कंपनीकडून आम्ही गेल्या हिवाळ्यात या खांबांची व तुळयांची दुरुस्ती करून घेतली आणि त्यांवर कार्बन फायबरचे वेष्टन चढवून घेतले. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण हे परीक्षण मुख्यतः कामाच्या पद्धतीचे आहे. असे काम कोणाकडूनही करून घेणाऱ्याला त्याचा उपयोग व्हावा, अशी माझी इच्छा आहे. माझे मत आधीच सांगतो. वेष्टन आमच्यासारख्या इमारतीला योग्य आहे आणि सेवाही एकंदरीत चांगली मिळाली, परंतु या कामाचा कस वेष्टनाखाली झाकल्या जाणाऱ्या दुरुस्तीत असतो आणि ग्राहकाने पैसे व लक्ष दोन्ही तेथेच अधिक द्यावे.

खांब मजबूत करण्याचा रूढ मार्ग म्हणजे त्याभोवती नव्या सळया बांधून काँक्रीटचे जॅकेट करणे. त्यासाठी प्रत्येक बाजूला साधारण १०० मिलिमीटर जाडी वाढते, म्हणजे आमचा २३० मिलिमीटरचा खांब ४३० मिलिमीटरचा झाला असता. दोन मागांमधून विणकराला जेमतेम वळता येईल एवढीच जागा असलेल्या ठिकाणी हे शक्यच नव्हते. माग हलवायचे तर त्यांची संख्याच कमी करावी लागली असती. कार्बन फायबरचे कापड इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात भिजवून दोन-तीन थर चढवले तरी जाडी काही मिलिमीटरच वाढते. त्याचे वजन पोलादाच्या सुमारे एक पंचमांश असते आणि त्यातील तंतूंची ताण सोसण्याची क्षमता नेहमीच्या सळईच्या कित्येक पट असते. ही काल-परवाची टूमही नव्हे. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नजवळच्या इबाख पुलाची दुरुस्ती कार्बनच्या पट्ट्यांनी १९९१ साली झाली आणि १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये खांबांना वेष्टन करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले.

भूकंपाचा विचार आपल्याकडेही गैरलागू नाही. आय. एस. १८९३ : २०१६ या भारतीय मानकाच्या भूकंप-नकाशात बेळगाव मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या भागातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. १९८० च्या दशकातील आमच्यासारख्या बांधकामांत खांबांच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना आवळणाऱ्या आडव्या सळया, दूर दूर बांधलेल्या सापडतात. भूकंपात असा खांब उभ्या सळया बाहेर फुगून आणि आतले काँक्रीट चुरून बसतो. आडव्या दिशेने गुंडाळलेले कापड नेमके हे फुगणे आवळून धरते. मात्र चौकोनी खांबात ही आवळणी गोल खांबाइतकी प्रभावी नसते, आणि हे कंपनीच्या अभियंत्यांनी आम्हाला न विचारता सांगितले, याची मी आवर्जून नोंद करतो.

त्यांनी दर सांगण्यापूर्वी तपासणीचा आग्रह धरला, ही या सेवेची पहिली जमेची बाजू. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कणखरपणा पाहिला, ध्वनिलहरींच्या वेगाची चाचणी घेतली आणि निवडक ठिकाणी गाभ्याचे नमुने काढून प्रयोगशाळेत दिले. ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरहून अधिक असेल तर काँक्रीट चांगले आणि ३ किलोमीटरहून कमी असेल तर शंकास्पद, असा जुना भारतीय निकष आहे. आमच्या मागच्या बाजूचे खांब शंकास्पद निघाले. सर्वांत बोलकी ठरली ती फिनॉल्फ्थॅलीनची साधी चाचणी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हा द्रव फवारला की निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे अल्कता गमावलेला भाग रंगहीनच राहतो. निरोगी काँक्रीटचा सामू १२.५ च्या आसपास असतो आणि त्या अल्कतेमुळेच सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. सामू ९ च्या खाली गेला आणि ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक, काही वेळा सहापटीपर्यंत असते, म्हणून काँक्रीट आतून फुटते. आमच्या खांबांत सळईवर मोजून अर्धा-पाऊण इंच आवरण होते आणि रंगहीन पट्टा सळईच्याही आत पोहोचला होता. काँक्रीटसाठीच्या आय. एस. ४५६ या भारतीय मानकानुसार खांबाला सर्वसाधारणपणे ४० मिलिमीटर आवरण लागते, हे लक्षात घेतले म्हणजे दोष पावसाचा किती आणि बांधणाऱ्याचा किती, हे आपोआप स्पष्ट होते.

प्रत्यक्ष दुरुस्तीचे काम मी जवळून पाहिले आणि त्याला मी पूर्ण गुण देईन. आधी स्लॅबखाली टेकू दिले. मग खराब काँक्रीट नुसते वरवर न खरवडता सळईच्या मागे बोटे जातील इतके खोल फोडले. सळया चकचकीत होईपर्यंत घासल्या, जेथे जाडी फार झिजली होती तेथे नव्या सळया जोडल्या, जस्तयुक्त प्रायमर लावला आणि खोल भाग मायक्रो-काँक्रीटने (बारीक खडीच्या, सहज वाहणाऱ्या काँक्रीटने), उथळ भाग पॉलिमर मॉर्टरने (चिकटपणा वाढवणारे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भरून काढला. खानापूर तालुक्यातून आलेले मेस्त्री आणि त्यांचे सहकारी या कामात तयार होते. घाई करा म्हणून सांगायला गेलेल्या आमच्या घरातील मंडळींना मेस्त्रींनीच समजावून परत पाठवले. त्यानंतर खांबांचे कोपरे गोलवले. कापड काटकोनात वळले तर तेथे तंतूंवर ताण एकवटून ते तुटतात, म्हणून कोपऱ्याची त्रिज्या किमान १३ मिलिमीटर असावी लागते. येथे ती त्याहून थोडी अधिकच ठेवलेली होती.

कंपनीबद्दल माझा विश्वास खऱ्या अर्थाने बसला तो तुळयांच्या वेळी. खांबाभोवतीचे वेष्टन चारही बाजूंनी बंद असते, त्यामुळे ते काँक्रीटला किती घट्ट चिकटले यावर त्याचे काम फारसे अवलंबून नसते. तुळईच्या तळाला लावलेली पट्टी मात्र केवळ चिकटण्याच्या बळावर भार घेते, आणि खालचे काँक्रीटच भुसभुशीत असेल तर पट्टी त्याचा थर घेऊन सुटते. म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत अशा ठिकाणी काँक्रीटची दाब-क्षमता किमान १७ मेगापास्कल (दाब व ताण मोजण्याचे एकक) आणि ओढून पाहण्याच्या चाचणीत चिकट-क्षमता किमान १.४ मेगापास्कल असावी, असे म्हटले आहे. जुन्या काळी १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात हाताने कालवलेल्या काँक्रीटकडून ही अपेक्षा प्रत्येक वेळी पुरी होत नाही. आमच्या तीन तुळया या चाचणीत उतरल्या, एक उतरली नाही. त्या तुळईला पट्टी न लावता तिच्याखाली पोलादी गर्डर घालावा, असे कंपनीने लेखी कळवले. कापडाचे बिल लावून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते; ग्राहकाला त्यातले काहीही कळले नसते.

वेष्टन चढवण्याचे काम हवामानावर फार अवलंबून असते, आणि आपल्या भागातील लोकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जून ते सप्टेंबर येथील भिंती ओल धरून असतात आणि ओलसर पृष्ठभागावर इपॉक्सी नीट बसत नाही. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील बाष्प पृष्ठभागावर दव होऊन साचते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावे, हा नियम पाळायचा तर पावसाळा वगळावाच लागतो. हिवाळ्यातही सकाळी धुके असेल तर ऊन वर येईपर्यंत थांबावे लागते. आमच्याकडे जानेवारीत रोज सकाळी तापमान व आर्द्रता मोजून मगच डबे उघडले जात. एकदा कालवलेली इपॉक्सी अर्ध्या-पाऊण तासात वापरून संपवावी लागते, त्यामुळे कापड आधीच मापाने कापून ठेवलेले असे.

आता तक्रारीकडे वळतो. इपॉक्सी पूर्ण पक्की होण्यास साधारण आठवडा लागतो आणि त्या काळात माग चालवू नयेत, कारण यंत्रांच्या सततच्या धक्क्यांनी ओला थर हलतो. ही बाब अंदाजपत्रकात कोठेही लिहिलेली नव्हती. काम टप्प्याटप्प्याने झाल्यामुळे माग बंद राहण्याचा काळ सांगितल्यापेक्षा बराच लांबला, आणि मागावर मजुरी करणाऱ्या कुटुंबांसाठी बंद माग म्हणजे बुडालेला रोजगार असतो. आम्ही त्यांना काही भरपाई दिली, पण ती कंपनीच्या हिशेबात कधीच नव्हती. टेकूंचा आणि परांचीचा खर्चही मागाहून स्वतंत्र लावला गेला.

याहून गंभीर उणीव आगीच्या संरक्षणाची होती. इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. उन्हाळ्यात येथील तापमान त्याच्या जवळपासही जात नाही, पण कापसाचा तूस सर्वत्र उडत असलेल्या मागाच्या जागेत आग ही कल्पनेतली गोष्ट नाही. आगीत वेष्टन निकामी झाले तरी इमारत स्वतःच्या बळावर उभी राहील, असाच आराखडा असावा लागतो, आणि वर अग्निरोधक गिलावा केल्यास वेळ मिळतो. आराखड्यातील पहिली गोष्ट त्यांनी तपासली होती. गिलाव्याचा विषय मात्र मी विचारेपर्यंत कोणी काढला नाही. विचारल्यावर त्यांनी तो केला आणि चांगला केला. परंतु मागाच्या इमारतीत हे ग्राहकाने विचारावे लागू नये.

वेष्टनाने काय होत नाही, हेही सांगणे मला आवश्यक वाटते, कारण शेजारपाजारचे लोक आता येऊन खांबाला हात लावून पाहतात आणि सगळे प्रश्न सुटले असे समजतात. वेष्टनाने गंज थांबत नाही. आत ओल आणि गंज राहिला तर तो कापडाखाली दिसेनासा होऊन वाढत राहतो. न्हाणीघरालगतचा आमचा एक खांब कंपनीने सांडपाण्याची नळी बदलेपर्यंत गुंडाळण्यास नकार दिला, तो याच कारणाने, आणि तो नकार योग्यच होता. मागांची थरथरही वेष्टनाने कमी होत नाही. ती मागांच्या पायांखाली रबरी पॅड घातल्यावर कमी झाली. शिवाय पोलाद तुटण्यापूर्वी लांबून, वाकून इशारा देते, तसे कार्बन देत नाही. कार्बनचा पोलादाशी थेट संपर्क आला तर पोलाद उलट लवकर गंजते, म्हणून जेथे गर्डरची ब्रॅकेट खांबाला टेकते तेथे मध्ये काचतंतूचा थर घातला गेला. एवढी बारीक काळजी मी अपेक्षिली नव्हती.

शेवटच्या तपासणीत प्रत्येक खांब नाण्याने ठोकून पाहिला. पोकळ आवाज आला तेथे खडूने खुणा केल्या, लहान पोकळ्यांत सुईने इपॉक्सी भरली आणि एका ठिकाणी कापड कापून नवा तुकडा जुन्या कापडावर पुरेसा चढवून बसवला. चाचण्यांचे अहवाल आणि हमीपत्र मात्र फक्त इंग्रजीत मिळाले. सगळी बोलणी मराठीत आणि कन्नडमध्ये झालेली असताना, ज्या कागदावर भिंतीत खिळा कोठे ठोकू नये हे लिहिले आहे तोच कागद घरातील अर्ध्या माणसांना वाचता येत नाही. मी तो मराठीत उतरवून खांबाजवळ लावला आहे. हे काम कंपनीने करायला हवे होते.

खर्चाबाबत एवढेच सांगतो, की एकूण बिलात कापडापेक्षा त्याखालील दुरुस्तीचा वाटा मोठा होता. कोणी केवळ चौरस मीटरमागे कापडाचा दर सांगून काम घेऊ पाहत असेल, तर फोडणे, सळई साफ करणे, भरणे, ओढून पाहण्याची चाचणी आणि अग्निरोधक गिलावा यांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत. मागच्या परसाकडील खांब आमच्याकडे अजून शिल्लक आहेत. पावसाळा संपून भिंती सुकल्यावर, नोव्हेंबरनंतर, ते काम मी याच कंपनीला देणार आहे. मात्र माग किती दिवस बंद राहतील आणि त्याहून अधिक लागल्यास मजुरीची भरपाई कोणी द्यायची, हे या वेळी करारात आधी लिहून घेतले जाईल.