कडकनाथ की असील? आधी उबवणी आणि राखण बघा, मग जात ठरवा

अस्सल देशी कोंबडी पाळायची म्हटलं की नाशिककडे दोन नावं हमखास निघतात, काळ्या मांसाची कडकनाथ आणि झुंजार असील. विचारणारा बहुतेक वेळा पहिला प्रश्न मटणाच्या भावाचा करतो. मी म्हणेन, भाव नंतर. अंडी कोण उबवणार आणि रात्री राखण कशी होणार, हे दोन प्रश्न आधी सोडवा. तुमच्या जागेला कोणती जात झेपेल ते त्यातूनच कळतं.

कडकनाथची तलंग (तरुण कोंबडी) साधारण सहा महिन्यांत अंड्यावर येते आणि वर्षाला ८० ते १०० अंडी देते. पण ती खुडूक (अंडी उबवायला बसणारी) फारशी होत नाही, झाली तरी २१ दिवस नेटाने बसेल याचा भरवसा नाही. म्हणजे कडकनाथ घेतली की इनक्युबेटर आलाच, नाहीतर तिची अंडी उबवायला एखादी गावरान खुडूक कोंबडी हवी. असीलचं नेमकं उलटं. अंडी बरीच कमी, पण एकदा बसली की उठत नाही. खाली हात घाला, मनगटावर चोच बसते. पिल्लांवर घार उतरली तर ही अंगावर धावून जाते. घरापुरत्या, दहा-पंधरा पक्ष्यांच्या कळपाला अशी आई मिळणं ही मोठी गोष्ट आहे, यंत्राचा खर्च वाचतो आणि विजेची काळजीही.

यंत्रावर उबवायचं तर शिस्त लागते. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, साठवताना टोकदार बाजू खाली आणि जागा थंड, पण फ्रिज नको. घाण लागलेलं अंडं धुऊन घालण्यापेक्षा वगळलेलं बरं. पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के ठेवायची. त्यानंतर अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५ ते ७० वर न्यायची. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर हवा अशी कोरडी पडते की पाण्याचा ट्रे बघता बघता आटतो, आणि ओलावा कमी पडला की तयार झालेलं पिल्लू कवचातच चिकटून मरतं. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी लावा. फळलेल्या अंड्यात काळसर ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा दिसतात, हात स्थिर ठेवला तर ठिपका हलतानाही दिसतो. स्वच्छ पिवळं दिसलं ते अंडं काढून टाका. भारनियमनाच्या गावात बॅटरी बॅकअप नसेल तर या वाटेला जाऊच नका.

पिल्लांच्या बाबतीत दोन्ही जातींत फार फरक नाही. पहिल्या आठवड्यात उबेखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्याच आठवड्यात, पुढचे डोस आणि देवीची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने. निफाडची थंडी पिल्लांना सोसत नाही, तेव्हा तिथे अंडी जानेवारीअखेर उबवायला घालावीत. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात अडचण पावसाची. खालचं तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण लागते, तिथे जमिनीपासून उचललेला माचाच हवा.

विक्रीत कडकनाथ पुढे आहे, यात वाद नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि नाव घरोघरी गेलं. पण २०१९ मध्ये सांगली भागात उघडकीला आलेला कडकनाथ घोटाळाही विसरू नका. पिल्लं आम्ही देतो, अंडी-पक्षी आम्हीच परत घेतो, असं सांगून पैसे भरायला लावणाऱ्या कुठल्याही योजनेपासून लांब राहा. गिऱ्हाईक स्वतःचं शोधा. पक्षी घेताना चोच उघडून जीभ बघा. काळपट नसेल तर संकराचा संशय घ्यावा. अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळं अंडं दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. असीलचा कोंबडा तीन-चार किलो भरतो, कडकनाथचा दोनच्या आत-बाहेर. पण असीलला अवाच्या सवा भाव देणारा पुष्कळदा झुंजीवाला असतो. प्राण्यांच्या झुंजी लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि हौसेने वाढवलेला पक्षी त्या रिंगणात जाऊ द्यायचा नसतो. शिवाय असीलचे दोन मोठे कोंबडे एकत्र ठेवले तर एक रक्तबंबाळ होणार. प्रत्येकाला वेगळं खुराडं, म्हणजे जागा जास्त.

द्राक्षबागेत पक्षी मोकळे सोडायचा मोह दोन्ही जातींत टाळा. फवारणीनंतरचं गवत-किडे खाऊन ते मरू शकतात, आणि अंड्यात काय उतरेल ते वेगळंच.

आता राखण. दिवसा मुंगूस, रानमांजर, भटकी कुत्री यांच्यापुढे घरचा गावठी कुत्रा उत्तम काम करतो. दोन महिन्यांचं पिल्लू आणून खुराड्याशेजारीच वाढवा, कोंबड्यांमागे धावलं की लगेच दटावा, आणि वर्षाचं होईपर्यंत त्यांच्यात एकटं सोडू नका. रात्रीचं मात्र वेगळं. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचं आवडतं भक्ष्य. साखळीला बांधलेला कुत्रा तिथे राखणदार राहत नाही, सावज होतो. अशा वस्तीवर संध्याकाळी कोंबड्यांसोबत कुत्र्यालाही बंदिस्त जागेत घ्या. असील आई घारीशी भिडेल, बिबट्यापुढे तिचा निभाव नाही, म्हणून जात कोणतीही असली तरी खुराड्याचा खर्च सुटत नाही. पातळ षटकोनी जाळी कुत्राही फाडतो, तेव्हा अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. ती फूटभर जमिनीत पुरा, म्हणजे मुंगूस उकरून आत येत नाही. वरून पत्रा आणि दाराला आतल्या बाजूने वळणारी नव्हे, बाहेरून घट्ट बसणारी कडी. पैसे कमी असतील तर पक्षी निम्मे घ्या, जाळीत काटकसर करू नका.